घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या माणसासाठी मुंबईत कोणत्या सोयी आहेत?

अबोली_दहिसर

नमस्कार. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे आणि आता त्यांना घरात एकटे ठेवता येत नाही. त्यांच्या उपचारांबद्दल मला काही विचारायचे नाही, कारण डॉक्टर चांगले आहेत आणि औषधे वेळेवर चालू आहेत. माझा प्रश्न त्यांच्याजवळ दिवसभर राहणाऱ्या माणसाबद्दल आहे. त्या माणसाला आठवड्यातून निदान काही तास बाहेर पडता यावे, पैशांचा थोडा भार हलका व्हावा आणि अडल्यावेळी कोणाला तरी विचारता यावे, यासाठी या शहरात सरकारी, पालिकेच्या किंवा संस्थांच्या कोणत्या व्यवस्था खरोखर चालू आहेत, हे ज्यांनी वापरून पाहिले आहे त्यांनी लिहावे. ‘स्वतःसाठी वेळ काढा’, ‘प्राणायाम करा’ असे सल्ले सद्भावनेनेच दिले जातात, पण कृपया या धाग्यावर ते नकोत. वेळ कसा काढायचा, हाच तर प्रश्न आहे.

जुना_कारकून

अबोलीताई, मी आयुष्यभर कागदपत्रांत काम केले, त्यामुळे पैशांच्या बाजूने उत्तर देतो.

आयकराच्या जुन्या करप्रणालीत ८० डीडीबी या नावाने ओळखली जाणारी एक वजावट आहे. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चासाठी ती मिळते आणि त्या आजारांच्या यादीत स्मृतिभ्रंश व पार्किन्सन्स हे दोन्ही आहेत, मात्र आजारामुळे आलेले अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे तज्ज्ञाने लिहून द्यावे लागते. रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास मर्यादा १,००,००० रुपये आहे. ज्येष्ठ नागरिक असलेल्या आई-वडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर ८० डी मध्ये त्यांच्या वैद्यकीय खर्चापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट घेता येते. ८० डीडी निराळी आहे. तिच्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि खर्च किती झाला हे न पाहता ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत यांपैकी काहीही मिळत नाही. शिवाय आयकर कायदा, २०२५ ने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सल्लागाराशी बोलताना दोन्ही क्रमांक विचारून घ्यावेत.

८० डीडीबी आणि ८० डीडी मध्ये ‘अवलंबित’ म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आई-वडील आणि भावंडे. सासू-सासरे यांपैकी कोणत्याच वजावटीत बसत नाहीत. म्हणजे आपल्या घरात वजावट आपल्या यजमानांच्या नावावर मिळेल, आपल्या उत्पन्नातून नाही. काळजी कोण घेते, हे कायद्याने विचारलेले नाही.

बँकेचे काम मात्र उशीर न करता उरकावे. खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे करून घ्यावे. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नये, कारण ते देणाऱ्या व्यक्तीची समज गेली की आपल्याकडील सर्वसाधारण मुखत्यारपत्राचा कायदेशीर आधार संपतो, आणि त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागू शकते. सही स्थिर आहे आणि समजते आहे, तोवरच हे करता येते. ७० वर्षांवरील आणि आजारी ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ पासूनची सूचना आहे. हयातीचा दाखलाही आता चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपवरून घरबसल्या देता येतो. शाखेत ‘त्यांना घेऊन या’ असे कोणी म्हणाल्यास लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंतीला तोंडीच नकार मिळतो.

तिसरा_मजला_लिफ्ट_नाही

कारकूनकाका, माहिती उत्तम आहे, परंतु वजावट ज्याला कर भरावा लागतो त्याच्या उपयोगाची. मी वडिलांच्या पक्षाघातानंतर नोकरी सोडली. माझ्यासारख्याने कशातून काय वजा करायचे?

नोकरी सोडण्यापूर्वी मी रजेचे नियम नीट वाचले होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा मिळते आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा साठते, ती ४५ दिवसांपर्यंत. कुटुंबातील आजारी माणसासाठी म्हणून वेगळी रजा त्यात नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची स्थिती बरी आहे. स्त्री कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पुरुष पालकांना अपत्यसंगोपन रजा संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची आहे आणि दिव्यांग अपत्याच्या बाबतीत तिला वयाची अट नाही. दिव्यांग कुटुंबीयाची मुख्य काळजी घेणाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचा आदेशही आहे. खासगी कंपनीत हे सर्व वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून असते आणि मर्जी पहिल्या दोन-तीन महिन्यांत आटते.

टेम्सकाठचा_गिरगावकर

तुलना म्हणून लिहितो, मिरवण्यासाठी नाही. इथे इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने काळजीवाहकाला स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन स्थानिक प्रशासनाकडून करून घेण्याचा हक्क आहे, म्हणजे रुग्णाचे नव्हे तर आपले. एप्रिल २०२४ पासून नोकरदाराला वर्षाला एक आठवड्याची काळजी-रजाही मिळते, पण ती बिनपगारी असते. पैशांच्या बाबतीत इथलेही लोक नाराजच आहेत. मूल्यमापनाची कल्पना मात्र मला मोलाची वाटते, कारण तिथे पहिला प्रश्न ‘तुम्ही हे करू शकता का आणि करू इच्छिता का’ असा असतो. भारतातील कोणत्याही अर्जावर हा रकाना माझ्या पाहण्यात आलेला नाही.

समाजसेवा_विभाग

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. कोणत्या रुग्णालयात ते लिहीत नाही, कारण हे माझे व्यक्तिगत मत आहे.

अर्जावर रकाना नसला तरी कायद्यात त्याचे अंश आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या २४व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांची जी यादी आहे, तिच्यात अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या १८व्या कलमात कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरी राहून होणारे पुनर्वसन आणि रुग्णालय व घर यांच्या मधल्या टप्प्यातील निवासगृहे उपलब्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांपुरता आहे, पण त्यात ‘निरामय’ हा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, तसेच काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची ‘सहयोगी’ योजना आहे. या चार प्रकारांतील सज्ञान मुलांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हा पातळीवरील समितीकडे असते, त्यामुळे त्यांच्या आई-वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागत नाही. आपल्या रुग्णाला चारांपैकी कोणताच प्रकार लागू नसेल, तर यातले काहीही मिळत नाही. स्मृतिभ्रंशाचे नाव २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांतही स्वतंत्रपणे नाही, पार्किन्सन्सचे आहे.

प्रत्यक्ष कामात मला जाणवणारी दरी दुसरीच आहे. मुंबईत कर्करोगाच्या रुग्णाच्या घरच्यांना त्यातल्या त्यात बरा आधार मिळतो. टाटा रुग्णालयाचा वेदनाशमन विभाग घरभेटी देतो. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना विनामूल्य ठेवून घेते आणि देशातील ते पहिले हॉस्पिस मानले जाते. पालकेअर ही संस्था घरी येऊन विनाशुल्क सेवा देते. बाहेरगावच्या नातेवाइकांना परळच्या नाना पालकर स्मृती समितीचा किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. एका मोठ्या रुग्णालयाभोवती अनेक दशकांत हे सर्व उभे राहिले आहे. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचे जुने आजार किंवा मज्जारज्जूची दुखापत यांच्याभोवती असे काही उभे राहिले नाही. वास्तविक या आजारांत काळजीचा काळ अधिक लांब असतो, आणि तो कधी संपेल हे कोणीच सांगू शकत नाही.

केरळात हे आजारानुसार वाटलेले नाही. तिथे २००८ मध्ये राज्याने उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजारातील त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारले आणि गावोगावच्या पंचायतींनी परिचारिकेच्या घरभेटी सुरू केल्या. अंथरुणाला खिळलेला माणूस कर्करोगाचा आहे की पक्षाघाताचा, हे तिथे दारात विचारत नाहीत.

ठाण्यापलीकडे

ब्युरोबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. शेवटी सगळ्यांची वाट तिकडेच जाते.

मुंबई आणि उपनगरांत घरी येणाऱ्या मावशी, आया किंवा वॉर्डबॉय ब्युरोमार्फत मिळतात. पाळी १२ तासांची किंवा २४ तासांची असते. नोंदणीशुल्क आधी भरावे लागते, महिन्याच्या पैशांतून ब्युरोचे कमिशन कापले जाते आणि मावशीच्या हातात नेमके किती पडतात हे आपल्याला सांगितले जात नाही. आमच्याकडे एका ब्युरोने ‘प्रशिक्षित’ म्हणून पाठवलेल्या बाईंना नाकातील नळीतून अन्न भरवणे माहीत नव्हते. त्यांचा त्यात दोष नव्हता, कारण त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. बदली मागितली तर पुन्हा शुल्क सांगितले गेले.

तेव्हापासून मी काही गोष्टी आधीच लेखी घेते. येणारी व्यक्ती परिचारिका आहे की आया, आणि परिचारिका असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. साप्ताहिक सुट्टीला बदली कोण येणार आणि तिचे पैसे वेगळे का. रुग्णाला कूस बदलून देणे, डायपर, कॅथेटरची पिशवी रिकामी करणे, आंघोळ यांपैकी काय कामात धरले आहे. रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यास ती व्यक्ती तिथे येणार की नाही. तसेच मावशीच्या जेवणाची आणि दुपारच्या विश्रांतीची वेळ मी स्वतःहून ठरवून देते. जिला बारा तास पाठ टेकता येत नाही, तिच्या हातून माझ्या आईला शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होणारच.

साहित्याबाबत मात्र शहर उदार आहे. कॉट, हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर, चाकाची खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असे रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन अल्प भाड्याने देणारी मंडळे आणि न्यास जवळजवळ प्रत्येक उपनगरात आहेत. नवे विकत घेण्यापूर्वी जवळच्या देवळात, जैन संघात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात विचारावे. उत्पन्न कमी असल्यास ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी राज्याची वयोश्री योजना आहे, तीत अशा उपकरणांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. त्यात वॉकर येतो, चांगली गादी येत नाही.

कोकणचा_माणूस

सर्वांचे वाचले. एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये. आपल्याकडे हे कधी ‘सेवा’ म्हणून बाहेरून आणावे लागले नाही. घरात माणसे असत, पाळ्या लागत आणि कोणाला ओझे वाटत नसे. आता आसपास आठवडाभरासाठी आईला कुठेतरी ठेवून येण्याची भाषा ऐकली की वाईट वाटते. सरकारने केंद्रे काढण्यापेक्षा कुटुंबे टिकवण्याचा विचार व्हायला हवा.

तिसरा_मजला_लिफ्ट_नाही

पाळ्या कोणाच्या लागत, हे विचारले तर चालेल का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची काळजी घेताना आढळल्या आणि पुरुष २१.४ टक्के. काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा वेळ १४० मिनिटे आणि पुरुषांचा ७४ मिनिटे होता. यात मुलांचे संगोपनही आले हे मान्य, पण कल तर दिसतोच. ‘ओझे वाटत नसे’ असे आपण म्हणता, तेव्हा ते कोणाला विचारून म्हणता?

मी पुरुष आहे आणि वडिलांचे सगळे करतो. चाळीतले लोक माझे कौतुक करतात. माझ्या वहिनीने तिच्या आईचे हेच केले, तिचे कोणी कौतुक केल्याचे मी ऐकले नाही.

अबोली_दहिसर

कोकणच्या माणसाला मी फारसे दुखावू इच्छित नाही, कारण सासूबाईही हेच म्हणाल्या असत्या. पण माझ्याच घराचा हिशोब पाहिला तर यजमानांचा प्रवास धरून कामाचा दिवस बारा तासांचा आहे, नणंद नाशिकला आहे, मुलगी दहावीला आहे. कुटुंब टिकलेले आहे. दिवसा घरी मात्र मी एकटीच असते.

आठवडाभर ठेवण्याची गरज मला अजून पडलेली नाही. मला दिवसाचे केंद्र हवे होते. डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसाची केंद्रे चालवतात आणि तिथले काम चांगले असल्याचे ऐकले. पण या शहरात अशी केंद्रे इतकी थोडी आहेत, की बहुतेकांना तिथे जायला शहर ओलांडावे लागते. गोंधळलेल्या, मध्येच घाबरणाऱ्या माणसाला गर्दीच्या वेळी लोकलमधून नेता येत नाही. टॅक्सीने नेले तर जाण्यायेण्याचे भाडे मावशीच्या रोजापेक्षा जास्त होते आणि चार तासांच्या केंद्रासाठी तीन तास रस्त्यावर जातात. पोचवायला आणि आणायला मीच, म्हणजे सुटका कोणाची झाली?

शुभंकर_मुलुंड

मी पार्किन्सन्स झालेल्या पत्नीचा शुभंकर, म्हणजे काळजीवाहक, आहे. गटांबद्दल लिहितो.

पार्किन्सन्ससाठी मुंबईत २००१ पासून पीडीएमडीएस ही संस्था आहे. शहराच्या निरनिराळ्या भागांत तिच्या विनामूल्य सभा होतात, त्यांत व्यायाम, बोलण्याचा सराव आणि माहिती असते, आणि रुग्णासोबत आलेल्यांनाही सामावून घेतात. मानसिक आजारांसाठी ठाण्याची आयपीएच संस्था १९९० पासून काम करते आणि नातेवाइकांना बरोबर घेऊन चालण्याची तिची पद्धत जुनी आहे. स्मृतिभ्रंशासाठी एआरडीएसआय या १९९२ साली केरळात सुरू झालेल्या संस्थेची मुंबई शाखा आहे.

गटाचा उपयोग काय, असे मलाही आधी वाटे. पण औषधाचा परिणाम ओसरण्याच्या वेळा ओळखून त्या टाळून जेवण कसे द्यावे, पलंगावरून उठवताना पाठ कशी सांभाळावी, रुग्णाला भास होतात तेव्हा वाद का घालू नये, हे मला डॉक्टरांच्या दहा मिनिटांत नव्हे, तर तिथे बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून कळले. अडचण एवढीच की सभेला जायचे तर घरी कोणीतरी बसायला हवे. आता बऱ्याच सभा ऑनलाइन होतात, तेवढे बरे झाले.

दूरध्वनी सेवांपैकी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तिथे जवळच्या केंद्रांची आणि हक्कांची माहिती विचारता येते. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो केवळ रुग्णांसाठी नाही. मी स्वतःसाठी फोन केला होता. पलीकडच्या व्यक्तीने मराठीत, घाई न करता ऐकून घेतले.

समाजसेवा_विभाग

शुभंकर म्हणतात ती अडचण या धाग्याच्या मुळाशी आहे. प्रशिक्षण, गट, तपासणी, बँक, न्यायालय यांतील प्रत्येक गोष्टीसाठी आधी घरी बसायला माणूस लागतो. म्हणून मला विचाराल तर पहिली सेवा ती, बाकीच्या सगळ्या तिच्यानंतर. आणि तीच कोणत्याही योजनेत नाही, कारण ती रुग्णाच्या नावावर टाकता येत नाही. रुग्णाला त्या तीन तासांत काही ‘मिळालेले’ नसते.

एक व्यावहारिक सूचना करते. घरी सोडण्याच्या दिवशी कागदांवर सह्या करण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जावे आणि घरी कोणती कामे करावी लागणार ती परिचारिकेकडून हाताने करून शिकवून घ्यावीत. बघून शिकू नये. मोठ्या पालिका रुग्णालयांत हा विभाग असतो, पण नातेवाइक तिथे केवळ आर्थिक मदतीसाठी येतात. धर्मादाय रुग्णालयांतही गरीब आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, त्याची चौकशी तिथल्या समाजसेवकाकडेच करावी.

ठाण्यापलीकडे

मग घरी बसायला माणूस आपणच का उभा करू नये? आमच्या संकुलाच्या ज्येष्ठ नागरिक संघात सकाळी योगासने होतात, दुपारी सभागृह रिकामे असते. साठी-पासष्टीची, धडधाकट, वेळ असलेली माणसे आहेत. आठवड्यातील एक दुपार ठरवून एखाद्या घरी तीन तास बसणे त्यांना अवघड नाही.

जुना_कारकून

अवघड नाही, पण धोक्याचे आहे, आणि धोका आधी लिहून काढला नाही तर पहिल्या अपघातानंतर सगळे बंद पडेल. आजी पडल्या तर जबाबदारी कोणाची? दागिना सापडला नाही तर संशय कोणावर? बसणाऱ्याने औषध द्यायचे की नाही? माझ्या मते औषध द्यायचे नाही, गिळण्याचा त्रास असलेल्याला भरवायचे नाही आणि उचलायचे तर अजिबात नाही. बसायचे, बोलायचे आणि काही झाले तर फोन करायचा, एवढेच काम असावे. घरच्यांनी तसे लेखी संमतिपत्र द्यावे. संघाने एक वही ठेवावी, तीत आल्याची आणि गेल्याची वेळ व सही असावी.

कोकणचा_माणूस

माझ्या आधीच्या लिहिण्यावर जे उत्तर आले ते मी वाचले, त्यावर वाद वाढवत नाही. बसण्याची कल्पना मला पटते. मी बोरिवलीला राहतो, गुरुवारी दुपारी मोकळा असतो. पण परक्या घरात, परक्या बाईंजवळ एकट्या पुरुषाने बसणे बरे दिसेल का, याचा विचार व्हावा.

अबोली_दहिसर

होय, तो विचार करायला हवा. त्यामुळे दोघांनी मिळून यावे आणि त्यात एक स्त्री असावी, असा नियम मी सुचवते. म्हणजे संशयाचाही प्रश्न बराचसा मिटतो आणि बसणाऱ्यांनाही सोबत होते.

आमच्या संघाची मासिक सभा पुढच्या आठवड्यात आहे. कारकूनकाकांच्या अटी मी जशाच्या तशा मांडणार आहे, फक्त दोन भर घालून. पहिली, आधीच्या दोन दुपारी घरचे माणूस घरातच थांबेल, म्हणजे रुग्णाला चेहरे ओळखीचे होतील. दुसरी, त्या तीन तासांत आपण कुठे गेलो होतो, हे काळजी घेणाऱ्याला कोणी विचारणार नाही. काका, संमतिपत्राचा मसुदा करून द्याल का?

जुना_कारकून

करतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो. फोनसाठी तीन नावांची जागा ठेवतो आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव व पत्ता वर ठळक अक्षरांत असेल. रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधांची यादी मागच्या पानावर घेऊ, रुग्णवाहिका आल्यास ते पान फाडून देता येईल.